पेटीतल्या ओढण्या

आमच्या ख्रिस्ती मंडळीची रविवारची उपासना नेरूळला एका हॉलमध्ये भरते. खाली औषधांचं दुकान आणि झेरॉक्सवाला, वर आम्ही. जिना चढून आलं की चपला काढायची जागा, आणि तिथेच एका स्टुलावर प्लास्टिकची एक पेटी. पेटीत आठ ओढण्या, मोतिया रंगाच्या, सुती. बिनबाह्यांचं किंवा खोल गळ्याचं काही घालून एखादी आली, तर दारातच तिच्या खांद्यांवर ओढणी टाकून पिन लावून द्यायची, असं महिला मंडळात ठरलं होतं. निदान ठरलं होतं असं मी धरून चालले होते. काम माझ्याकडे आलं, कारण मी घरी शिवणकाम करते आणि माझ्या पदराला कायम चार सेफ्टी पिना लटकलेल्या असतात. ओढण्याही मीच शिवल्या होत्या.

मला ते काम आवडायचं, हे आधीच सांगून टाकते. दारात उभं राहायचं, येणाऱ्या प्रत्येकीला सलाम करायचा आणि एका नजरेत तिचा गळा, बाही, लांबी सगळं मापायचं. तीस वर्षं हेच करून पोट भरलंय. फरक एवढाच, की घरी बायका माझ्याकडे माप द्यायला आपणहून येतात.

मी मूळची जालन्याकडची. आमच्या गावच्या मंडळीत रविवारी बायका पांढऱ्या साड्या नेसून, डोक्यावर पदर घेऊन बसायच्या. पंधराव्या वर्षी मी स्वतःच्या ब्लाउजला फुग्याच्या बाह्या लावल्या आणि मोठ्या ऐटीत उपासनेला गेले. घरी आल्यावर आईनं कात्री आणून माझ्यापुढे ठेवली. मी बसून दोन्ही बाह्या उसवल्या. तेव्हापासून माझ्या डोक्यात एक पक्कं बसलं, की देखणं दिसणं ही रविवारी घरी ठेवून जायची गोष्ट आहे. पुढे धंदाही असा निवडला, की सहा दिवस बायकांना देखणं करायचं आणि सातव्या दिवशी ते झाकायचं. यात काही विचित्र आहे असं मला कधी वाटलं नाही.

माझी मुलगी महापेला एका आयटी कंपनीत आहे. दीड वर्षापूर्वी तिच्या ऑफिसात काहीतरी समारंभ होता, म्हणून तिनं माझ्याकडून एक ड्रेस शिवून घेतला. बाटलीहिरवा, गुडघ्याखाली येणारा, बिनबाह्यांचा. मुंढ्याला, म्हणजे बाही जोडतात तिथं, पायपिंग असं बसलं होतं की मी स्वतःच दोनदा उलटून पाहिलं. ती घालून उभी राहिली तेव्हा मी तिची दृष्ट काढली, म्हणजे आमच्यात काढत नाहीत, पण मनातल्या मनात काढलीच. पोर सुंदर दिसत होती, आणि त्यात माझ्या हाताचाही वाटा होता.

रविवारी ती तोच ड्रेस घालून उपासनेला आली. मी आधीच येऊन दारात उभी होते. आदल्याच रविवारी मी एका नव्या सुनेला ओढणी लावली होती आणि नेमकी तिची सासू माझ्या मुलीच्या मागे चपला काढत होती. तिच्या मागे आणखी दोघी. आता बघू या, घरच्यांना कसा नियम लावते, हे तिघींच्या तोंडावर लिहिलेलं होतं. मी पेटीतून ओढणी काढली आणि मुलीच्या खांद्यांवर टाकली.

अंगावर कपडा असताना पिन लावायची आमची एक पद्धत असते. कापड आणि अंग यांच्यामध्ये आधी स्वतःचं बोट घालायचं, म्हणजे टोक आलंच तर आपल्या बोटाला लागतं, समोरच्या बाईला लागत नाही. माझी डाव्या हाताची बोटं त्यामुळे खरखरीत झालीत. त्या दिवशी मी बोट घातलं नाही. घाई होती, आणि मागे तिघी बघत होत्या. पिन तिच्या खांद्याला टोचली. तिनं अंग चोरलं. मला कळलं आणि तरी मी पिन बंद केली.

ती हळू आवाजात म्हणाली, "मम्मी, हा ड्रेस तूच शिवलायस."

मी म्हटलं, "आत जा, गीत सुरू झालंय."

उपासना संपल्यावर तिनं ओढणी नीट घडी करून पेटीत ठेवली, वरती पिन खोचली आणि जिना उतरून गेली. पुढच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

घरी ती भांडली असती तर बरं झालं असतं. पण ती छान बोलायची, हसायची, मी शिवायला बसले की हुक लावून द्यायची. फक्त रविवारी नऊ वाजता मी साडी नेसून बाहेर आले, की चहाचा कप हातात घेऊन म्हणायची, जाऊन ये. मंडळीत कोणी विचारलं तर मी ऑफिसचं काम सांगायचे. देवाच्या दारात उभं राहून, आणि तेही बायकांच्या अंगावर ओढण्या टाकत, मी दर रविवारी खोटं बोलत होते. माझाही ताठा काही कमी नव्हता. नियम तो नियम, आपलं काय चुकलं, असं स्वतःला बजावत जिना चढायचे. यजमानांना मध्ये घालायचा प्रयत्न केला, तर ते म्हणाले, "तुम्हा दोघींच्या कात्रीत मी बोट घालणार नाही."

असे आठ महिने गेले आणि तिचं लग्न ठरलं. मुलगा सीवूड्सचा, आमच्याच धर्माचा, तिनंच निवडलेला आणि कुणालाही आवडावा असा. मी हरखून तारखा काढायला लागले, तेव्हा तिनं शांतपणे सांगितलं, की लग्न रजिस्टर करायचं आणि मग घरच्यांनी मिळून जेवायचं.

"हॉलवर नको. माझ्या लग्नात मला दारात कोणी अडवून पिना लावलेल्या नकोत."

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. नेरूळ-सीवूड्समधल्या कितीतरी ख्रिस्ती नवऱ्या माझ्या हातच्या कपड्यांत उभ्या राहिल्यात. त्यांचे ब्लाउज, त्यांच्या डोक्यावरच्या जाळ्या, झालरी, सगळं मी रात्रीचा दिवस करून शिवलंय. आणि माझी एकुलती एक पोर मॉलमधलं काहीतरी तयार अंगात घालून रजिस्ट्रारच्या ऑफिसातल्या टेबलावर सही करणार होती. कपाटात तिच्यासाठी जपून ठेवलेली लेस होती. ती काढून बघितली आणि परत ठेवली. वाईट याचंच वाटत होतं, की तिचं म्हणणं मला खोडून काढता येत नव्हतं.

शेवटी मी आमच्या मंडळीच्या पाळकसाहेबांकडे गेले. ते हॉलच्या मागच्याच इमारतीत राहतात. काय बोलायचं ते वाटेत तीनदा घोकलं होतं. साहेब, एकच दिवस, फक्त लग्नापुरती सूट द्या, बायकांना मी समजावते. हे सगळं मी एका दमात बोलून टाकलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, सूट कसली. मी म्हटलं, पेटीची.

"ताई," ते म्हणाले, "ती पेटी एसीसाठी आहे ना?"

मी म्हटलं, एसीसाठी? मग त्यांनी सांगितलं. हॉलला एसी बसला, तेव्हापासून बायकांच्या बाजूला गार वारा फार येतो हे त्यांच्या लक्षात होतं. त्यानंतर थोड्याच दिवसांत दारात पेटी आली, आणि ज्या बहिणींचे हात उघडे असतात त्यांना मी आपणहून ओढणी देते, पिन लावते, हे ते पुढे उभे राहून बघायचे. त्यांना वाटायचं, बाईंना किती काळजी. एकदा त्यांनी उपासनेत बोलूनही दाखवलं होतं, की येणाऱ्यांना कसं सांभाळावं हे आपल्या भगिनींकडून शिकावं. ते मला चांगलंच आठवत होतं. मी ती नियमाला मिळालेली शाबासकी समजून घरी गेले होते.

मग त्यांचाच चेहरा उतरला. बायकांनी वेण्या आणि दागिन्यांनी नटू नये, हे बायबलमधलं वचन त्यांनी अनेकदा शिकवलं होतं. ते म्हणाले, की त्यातून आपण एवढंच घेतो, की श्रीमंत बाईच्या थाटामुळे शेजारी बसलेल्या गरीब बाईला लहान वाटू नये. "आणि आपल्या दारात आलेल्या पोरींनाच लहान वाटत होतं, हे मला दोन वर्षं दिसलं नाही." मी त्यांना म्हटलं, साहेब, दिसणार कसं, मी मध्येच उभी होते ना.

तिथून उठले ती थेट महिला मंडळ चालवणाऱ्या मावशींकडे गेले. हा नियम मुळात कुणी काढला, ते मला आता हवंच होतं. मावशी म्हणाल्या, "तू एवढ्या हौसेनं आठ ओढण्या शिवून आणल्यास, मग मी नाही कशी म्हणू? मला वाटलं, तुलाच हवंय." आणि मी त्या शिवल्या, कारण कुणीतरी असं काहीतरी पाहिजे म्हणालं होतं आणि मला वाटलं, मावशींना हवंय. मावशींना वाटलं, साहेबांचाही आग्रह असेल. थोडक्यात, कुणालाच नको असलेला नियम आम्ही सगळ्यांनी मिळून दोन वर्षं पाळला होता. मला राग यायला हवा होता, पण रस्त्यावर आल्यावर मला हसूच फुटलं. दिवसभर आवळलेल्या ब्लाउजचे हुक सोडल्यावर जसा श्वास येतो तसा श्वास आला.

घरी जाताना मला बायबलमधल्या बागेतल्या त्या पहिल्या स्त्री-पुरुषाची आठवण झाली. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट, पण त्यातली एक बारीकशी बाब मी शिवणकाम करत असूनही नीट बघितलीच नव्हती. देव त्यांच्यावर रागावला, त्यांना बाहेर काढलं, सगळं खरं. पण काढण्याआधी त्यानं त्यांच्यासाठी कपडे केले. बाहेर गारठा असणार हे त्याला ठाऊक होतं. चौघांनी बघावं म्हणून काही त्यानं ते केले नाहीत, तिथं बघायला चौघं होतेच कुठे? मी मात्र ओढण्या शिवल्या त्या चौघांसाठीच.

मुलीला मी सगळं सांगितलं. एसीचं ऐकून ती सोफ्यावर आडवी होऊन हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तिचं हसणं थांबल्यावर मी उरलेलं बोलले. पिन टोचली तेव्हा मला कळलं होतं. तरी मी थांबले नाही, कारण मागे बायका होत्या. "माझं चुकलं," म्हटलं. ती सोफ्यावर सरळ होऊन बसली. मग उठली, मशीनवरची टेप माझ्या हातात दिली आणि हात पसरून माझ्यापुढे उभी राहिली.

"माप घे. लग्न हॉलवरच करू, पण बाह्या नकोत."

पांढरी रेशमी साडी, तिच्यावर बिनबाह्यांचा ब्लाउज, आणि डोक्यावरच्या जाळीला जपून ठेवलेली ती लेस. मुंढा कापताना माझी कात्री एकदा थांबली, खोटं कशाला सांगू. देवाच्या घरी माणसानं नीटनेटकं जावं, असं मला आजही वाटतं. पण नीटनेटकं म्हणजे काय, ते मी आता माझ्यापुरतं ठरवते, आणि माझा पदर अजून डोक्यावर असतो. मी कापड सरळ केलं आणि कापलं.

लग्नाच्या दिवशी सवयीनं मी दारात जाऊन उभी राहिले. स्टूल तिथेच, पेटी तिथेच. पाळकसाहेबांनी पेटीवर स्वतःच्या अक्षरात कागद चिकटवला होता, थंडी वाजल्यास घ्यावी. वडिलांच्या हाताला धरून मुलगी जिना चढून आली आणि माझ्यासमोर येऊन थांबली. मागे जिन्यात सगळं वऱ्हाड, त्यात ती सासूही होती. मुलगी जाळीतून माझ्याकडे बघत राहिली. मी तिला सलाम केला आणि बाजूला सरले. ती आत गेली.

शपथा झाल्या, अंगठ्या झाल्या. रजिस्टरवर सह्या करायचं टेबल नेमकं एसीच्या तोंडाखाली ठेवलं होतं. मुलगी सही करून बसली होती, साक्षीदारांच्या सह्या चालल्या होत्या, आणि तिच्या दंडांवर काटा आलेला मला पहिल्या रांगेतून दिसत होता. मी जागची हलले नाही. हात मांडीवर घट्ट धरून बसले. तेवढ्यात तिनं मान वळवून मला शोधलं आणि खुणेनं जवळ बोलावलं.

"मम्मी, पेटीतली एक दे ना. थंडी वाजतेय."

मी धावतच गेले आणि घेऊन आले. ओढणी तिच्या खांद्यांवर टाकली, तर ती रेशमावरून घसरायला लागली. पिन लावू का, म्हणून मी विचारलं. ती म्हणाली, लाव. मी पदराची पिन काढली, कापडाखाली आधी माझं बोट घातलं, आणि मग पिन लावली.