व्याह्याच्या माश्या

सायखेड्याच्या आमच्या टपरीवर किस्से सांगायला कोणी येत नाही. माणसं एकमेकांवर संशय घ्यायला येतात, किस्से आपोआप साचतात. यंदाचे सगळे रघुअण्णाचे.

अण्णाच्या घरात आज्यापासूनचा लाल कांदा. त्याचं बी तो घरीच धरतो. यंदा बांधापलीकडे त्याच्या व्याह्याने, दामूने, बियाण्यासाठी पांढरा कांदा लावला, वर मधमाश्यांच्या पेट्या ठेवल्या. कांद्याच्या फुलांचे गोंडे फुलले तसा अण्णा बांधावर राखणीला बसला.

"पांढऱ्याचा पराग माझ्या गोंड्यावर पडला तर आज्याचं वाण गेलं."

मी म्हणालो, "लेक दिली तवा नाय बसलास असा."

"लेकीचं येगळं. हे बियाणं हाय."

*

कृषी खात्याच्या ताई टपरीवर आल्या. म्हणाल्या, "दोन जातींत लांबचं अंतर पाहिजे. जवळ आल्या की मिसळतात."

टपरीवरचे एकमेकांकडं बघायला लागले.

मी विचारलं, "ताई, कांद्याचंच चाललंय ना?"

ताईंनी चहा अर्धा टाकला.

*

अण्णाने एका माशीचा व्हिडिओ काढून दामूला व्हॉट्सॲपवर पाठवला. खाली लिहिलं, "पाव्हणं, ही तुमची का?"

दामूचं उत्तर आलं, "चेहरा नीट दिसत नाय. दुसरा पाठवा."

अण्णाने पाठवला.

*

मी सहज अण्णाजवळ पुडी सोडली, "दामूच्या माशीचे पाय पांढरे असतात, जवळून बघ." मला काय ठाऊक, हा भिंग घेऊन गोंड्यात तोंड घालेल. दुपारी ओठ सुजवून आला.

"कोणाची चावली?"

"दामूची."

"ओळखलीस कशी?"

"आपली चावत नाय."

*

मग अण्णाने अख्ख्या वाफ्यावर मच्छरदाणी शिवून घातली. पुढं गोंडे वाळले. तळहातावर चोळले, तर नुसता भुसा, बी नाहीच. अण्णाला वाटलं, दामूने काहीतरी फवारलं.

मी म्हणालो, "त्याच्या माश्या बाहेर ठेवल्यास, बरं केलंस. तुझ्या आत कुठनं जातात?"

अण्णाने जाळीला डोळा लावून आत बघितलं. "माझ्या हायेत कुठं?"

*

एका कोपऱ्यातले थोडे गोंडे अजून फुलायचे होते. तेवढे हुकले की वाण संपलं. ताईंनी उपाय सांगितला, की माशी नको तर माणसाने तळहात फिरवावा, या गोंड्यावरून त्या गोंड्यावर, हलकेच. अण्णाचा हात जड, गोंडे मोडायला लागले. शेवटी त्याने लेकीला फोन केला.

मंदा सासरची कामं उरकून बांध ओलांडून आली. अण्णा जाळीच्या तोंडाशी बादली आणि साबण घेऊन उभा.

"दामूच्या वावरातनं आलीस. आधी हात धू."

मंदाने धुतले.

"परत धू."

तिने परत धुतले. मग ओले हात तसेच धरून म्हणाली, "अण्णा, इतकी वर्षं तिकडं नांदते मी. धुऊन धुऊन किती जाईल?"

अण्णाने जाळी वर उचलून धरली. ती वाकून आत शिरताना हळूच म्हणाला, "पदर तरी झटक."