मुशीच्या तेलातल्या सँडल

"आधी पायाला इचारू," असं म्हणून मावशी डोळे मिटायच्या आणि पायाची बोटं हळूहळू हलवायच्या. पाय काय सांगायचा ते फक्त त्यांनाच ऐकू यायचं. नवी चप्पल असो, कारखान्यातली बदललेली पाळी असो, नाहीतर मुलासाठी सांगून आलेली मुलगी असो, निकाल खालूनच वर यायचा. सुनेच्या बाबतीत पायानं म्हणे लगेच होकार दिला होता. पुढे सुनेला हे कळलं तेव्हा तिनं कपाळाला हात लावला.

तुमच्याही कामाच्या ठिकाणी असं एखादं माणूस असेल. नसेल तर तुमचं नुकसान झालं, एवढंच म्हणतो.

ही एकोणीसशे ऐंशीनंतरची गोष्ट. पालघरकडच्या कुंभवलीजवळच्या आमच्या कारखान्यात मावशी पॅकिंगला होत्या. मी स्टोअरमध्ये कारकून, देशावरून आलेला, पुस्तक उघडं ठेवून डबा खाणारा. मावशी किनाऱ्यावरच्या दांडी गावच्या, मच्छीमार घरातल्या. रोज सायकलनं यायच्या, तेही अनवाणी. चपला हँडलला टांगलेल्या. गेटपाशी उतरल्या की त्या पायात जायच्या.

"मावशी, चपलांना फिरवून आणता काय?" वॉचमन विचारायचा.

"मग? त्यांनापन जरा हवा लागू दे."

दर हिवाळ्यात कारखान्यातली काही मंडळी सायकलनं सहलीला जात. त्या वर्षी जव्हार ठरलं. पुढाकार फोरमनसाहेबांचा. शिस्तीचे गृहस्थ, रविवारीही शर्टाची वरची गुंडी न सोडणारे. मावशी त्यांच्याकडे नाव सांगायला गेल्या तेव्हा साहेबांचा चेहरा पडला. बाई माणूस, पन्नाशीच्या पुढचं, शिवाय तोंड बंद ठेवणारं नव्हे. सरळ नाही म्हणवेना, म्हणून त्यांनी जागच्या जागी नियम काढला.

"पुढे घाट आहे. अनवाणी चालणार नाही, चपलाही चालणार नाहीत. मागून पट्टा असलेलं काहीतरी पायात पाहिजे. नसेल तर यायचं नाही."

त्यांनी मावशींचे पाय पाहिले होते. वाळूत वाढलेले, पुढे पंख्यासारखे पसरलेले पाय. दुकानातल्या बायकी सँडलमध्ये त्यांची तीनच बोटं मावायची, उरलेली दोन बाहेर ताटकळत राहायची.

"मावशी, एवढा हट्ट कशाला?" मी विचारलं.

"भाऊ, जन्मापासून त्या समुद्राची गुरगुर कानात हाय. माहेर किनाऱ्याला, सासर किनाऱ्याला. एक रात्र त्याच्याबिगर झोपून बघायचंय. बस."

मग रविवारी मी त्यांच्याबरोबर पालघरला गेलो. मला वाचनालयात जायचं होतं, तिथे मी पोचलोच नाही. बाजारातल्या चपलांच्या दुकानात मावशी शिरल्या त्या सायकलीसकट.

"अहो बाई, सायकल बाहेर!" दुकानदार ओरडला.

"बाहेर कशी? सँडल तिच्यावर घालायच्या हायत. मी चालत नाय जायची जव्हारला."

त्यांनी दुकानाच्या मधोमध सायकल स्टँडवर चढवली, सीटवर बसल्या आणि म्हणाल्या, "हां, दाखवा आता."

पुढचा तासभर दुकानदार फळीवरून माल काढत होता आणि मावशी जागच्या जागी पॅडल मारत होत्या. मागचं चाक गरगरत होतं, खोकी उडत होती. पहिल्या जोडाचा तळ वाकला. "पॅडल बोचतंय. काढा." दुसऱ्याचं बक्कल आतल्या बाजूला, ते चेनच्या पत्र्यावर घासलं. "काढा." तिसरा पुढून बंद. "माझी बोटं काय चोर हायत, कोंडून ठेवायला?" बाहेर माणसं जमली. कोणीतरी विचारलं, "पोचलात का मनोरला?" त्यावर मावशींनी मान न वळवता घंटी वाजवली.

शेवटी पुरुषांच्या खोक्यांतून एक जोड निघाला. जाड, न वाकणारा तळ, पुढून उघडा, मागे पट्टा, बक्कल बाहेरच्या अंगाला. मावशींनी डोळे मिटले. आम्ही दोघेही, म्हणजे मी आणि दुकानदार, श्वास रोखून उभे.

"करंगळीला जरा चावतोय," त्या म्हणाल्या. "पन तो नवा हाय, शिकेल."

त्याला शिकवायचा मार्ग मात्र त्यांचा होता. दांडीला होडीचं लाकूड टिकावं म्हणून त्याला मुशीचं तेल चोपडतात. मुशी हा मासा, आणि त्याच्या काळजाच्या तेलाचा वास एकदा घेतलेला माणूस विसरत नाही. लाकडाला चालतं ते कातड्याला का नाही, असं म्हणून मावशींनी सँडल रोज त्या तेलानं माखल्या. निघायच्या दिवसापर्यंत कातडं लोण्यासारखं झालं. फोरमनसाहेबांनी खाली पाहिलं, पट्टा पाहिला, आणि नाक दाबून म्हणाले, "ठीक आहे. या."

चिल्हार फाट्यापर्यंत एक कुत्रं मागे होतं. मनोरला चहा घेताना तीन मांजरं मावशींच्या पायाशी येऊन बसली. विक्रमगडच्या बाजारात शिरलो तेव्हा आमच्यामागे मिरवणूकच होती. साहेब सर्वांत पुढे, एकही कुत्रं आपल्या ओळखीचं नाही अशा चेहऱ्यानं.

तिथेच साहेबांनी नवे बूट काढले. टाचा सोलून निघाल्या होत्या. बुटांची कड पुठ्ठ्यासारखी ताठ.

"मावशी, ते तुमचं तेल..." साहेब हळूच म्हणाले.

"हाय ना, डबीत उरलंय," मावशी म्हणाल्या आणि स्वतःच्या हातानं त्यांचे दोन्ही बूट आतून-बाहेरून चोपडले. जरा जास्तच चोपडले. माझ्याकडे बघून त्यांनी एक डोळा बारीक केला.

जव्हारचा घाट साहेब कसे चढले हे आम्ही मागून पाहिलं. कुत्र्यांनी मोठा बूट निवडला होता. आम्ही वळणावळणावर उतरून धापा टाकत होतो आणि वरून आवाज येत होता, "हाड! हाड!" मावशी हसून हसून दोनदा सायकलवरून उतरल्या. पण वर आल्या त्या स्वतःच्या पायांनी.

सकाळी, जिथे रात्रीचा मुक्काम केला त्या शाळेच्या ओट्यावर त्या गुडघे पोटाशी घेऊन बसल्या होत्या.

"झोप लागली?" मी विचारलं.

"नाय. लय गप हाय इथं. असं वाटतंय, कोन तरी श्वास घ्यायचा थांबलंय." मग सँडलचा पट्टा ओढून घेत, "पन पुढल्या साली यायची हां मी. नाव लिवून ठेवा सायबाला सांगून."

सांगावं लागलं नाही. पुढची कितीतरी वर्षं आमची सहल ठरल्या वेळी निघाली नाही, कारण मावशी दांडीहून उशिरा यायच्या आणि साहेब घड्याळ बघत, चिडचिड करत गेटपाशी थांबायचे. आम्ही निघू या म्हटलं तर आमच्यावरच ओरडायचे.

मग मावशींना साखरेचा आजार झाला, आणि एका पावसाळ्याच्या अखेरीस त्या गेल्या. दांडीला आम्ही सगळे गेलो होतो.

त्या हिवाळ्यात वाडा गावी जायचं ठरलं. सकाळी सगळे वेळेवर गेटवर हजर. नव्यानं लागलेला एक वेल्डर म्हणाला, "निघायचं ना साहेब? सगळे आले."

फोरमनसाहेब दांडीकडच्या रस्त्याकडे तोंड करून उभे होते.

"थांब रे जरा," ते म्हणाले.

एक पाय पॅडलवर, एक जमिनीवर, असे आम्ही थांबलो. ऊन कारखान्याच्या पत्र्यावर चढलं तरी थांबलो होतो.