आण्णाचा परवाना

नगरला माळीवाड्याच्या स्टँडवर मुंबईची एस.टी. लागली, तेव्हा आण्णानं माझी वळकटी टपावर चढवली आणि खाली उतरून हात झटकले. मुंबईहून पुढं दुबईला जायचं खरं तर आम्हा दोघा भावांचं ठरलं होतं. निघालो मी एकटा. आमची आई, तिला आम्ही बाई म्हणायचो, पदर तोंडाशी धरून उभी होती. वडील, म्हणजे तात्या, कंडक्टरला उगाचच विचारत होते, "गाडी येळंवर पोचंल ना वो?" आण्णा तेवढा हसत होता. "जा रं बाळ्या, तू पुढं व्हय. म्या आलोच मागनं." दुष्काळाचं साल होतं. नगरचं वर्कशॉप बंद पडल्यामुळं तो सडकेच्या कामावर खडी फोडायला जायचा, आणि त्या दिवशीही त्याच्या पायांवर ती पांढरी धूळ होतीच.

तो का राहिला, ते सांगतो. ऐकून हसाल.

आण्णा माझ्याहून तीन वर्षांनी थोरला. पण गुरं राखायला घरात दुसरं कुणी नव्हतं, म्हणून त्याची शाळा लांबत गेली, आणि शेवटी बाईनं आम्हा दोघांना एकाच दिवशी हाताला धरून शाळेत नेलं. गुरुजींनी जन्मतारीख विचारली. बाई म्हणाली, "ह्यो सुगीतला, अन् ह्यो धाकला लई पाऊस झाला तवाचा." गुरुजींनी अख्ख्या गावाला लिहीत तेच लिहिलं, एक जून. दोघं एकाच वर्गात बसणार म्हणून सालही एकच टाकलं. यात काही चुकलं असं कुणालाच वाटलं नाही. आमचं निम्मं गाव एक जूनला जन्मलेलं आहे.

पुढं दुबईच्या एका कंपनीला बंदराच्या कामासाठी वेल्डर आणि फिटर हवे होते. मुंबईच्या एजंटानं यादी पाठवली: नाव, बापाचं नाव, जन्मतारीख, काम. त्या यादीवर तिकडून परवाने निघायचे. आता कागदावर आण्णा रावसाहेब आणि मी बाळासाहेब, दोन्हीकडं साहेब, बाप एक, आडनाव एक, तारीख एक. तिकडच्या कारकुनाला वाटलं, एकच माणूस चुकून दोनदा लिहिलाय. त्यानं वरचं नाव खोडलं. वरचं नाव आण्णाचं होतं. वर्कशॉपात आण्णासारखी वेल्डिंग कुणाची नव्हती, आणि मी साधा हेल्पर. एजंटानं खुलासा पाठवेपर्यंत जागा भरल्या होत्या.

दुबईत मी लोखंड वाहिलं ते चारच महिने. मॅट्रिक होतो, इंग्रजी अक्षर बरं होतं, म्हणून मला टाइम ऑफिसात घेतलं. माणसांच्या हजेऱ्या मांडायच्या आणि नव्या माणसांच्या परवान्याचे फॉर्म भरायचे. परवान्यावर मिळणाऱ्या कार्डाला तिथं बताका म्हणतात. तो खिशात असेल तर तुम्ही माणूस, नसेल तर खल्लास! वर्षभरानं मुदीर, म्हणजे आमचा मॅनेजर, म्हणाला, चांगला वेल्डर असेल तर सांग. मला तर आभाळ ठेंगणं झालं.

पण एजंटाचं पत्र आलं. तोच बाप आणि तीच तारीख पुन्हा गेली, तर पुन्हा खोडतील. काहीतरी बदला. शाळेच्या रजिस्टराला हेडमास्तर हात लावू देईनात. मग एजंटानंच युक्ती काढली. आमचे चुलते आणि चुलती निपुत्रिक वारले होते. आण्णा लहानपणीच त्यांना दत्तक दिला होता, असं नगरच्या कोर्टात प्रतिज्ञापत्र करा, म्हणजे बापाचं नाव बदलेल. मी घरी कळवलं, करून टाका.

किती सहज लिहिलं मी ते! कोर्टाच्या व्हरांड्यात काय झालं, हे आण्णानं मला नंतर सांगितलं. तात्या कागद बघून अडून बसले. "थोरला ल्योक कुनी दत्तक देतं व्हय?" दोनदा उठून बाहेर गेले. शेवटी अंगठा उमटवला आणि म्हणाले, "कागदावर काय बी असूंद्या. घरात दोगं बी माजीच हायेत."

तो कागद माझ्याकडं आला. कंपनीच्या फॉर्मवर वडिलांच्या रकान्यात मी चुलत्याचं नाव लिहिलं, आईच्या रकान्यात चुलतीचं, आणि दोन्हींपुढं 'मयत'. वळणदार अक्षरात. अक्षराचा मला फार अभिमान होता.

आण्णा आला. धक्क्यावर त्यानं मला मिठी मारली, आणि मी त्याच्या कानात काय सांगितलं? "हितं मला भाऊ म्हनू नगंस. गाववाला म्हन." तो मोठ्यानं हसला. मग महिनाभर तेच चालू, "ओ गाववाले, जरा मीठ द्या की!" खोलीतली मल्याळी पोरंही मला गाववाले म्हणायला लागली. पुढं त्याचं हसणं कमी झालं. एका शुक्रवारी पीठ मळता मळता म्हणाला, "बाळ्या, आंगठा देताना तात्यानं माज्याकडं बघितलं न्हाई रं." मी म्हटलं, दोन वर्षांचं तर काम आहे, परत गेलो की सगळं सरळ करू.

दोन वर्षं कुठली! सातव्या महिन्यात, भर दुपारी, पाण्याच्या टाकीवर वेल्डिंग करताना त्याच्या पायाखालची फळी सरकली. मी धावत पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं.

संध्याकाळी मुदीरनं मला बोलावलं. माणूस वाईट नव्हता. समोर आण्णाची फाइल उघडी होती, माझ्याच अक्षरातली. म्हणाला, आईबाप मयत दिसतात, लग्न झालेलं नाही. सख्ख्या नात्यातल्या कुणी सही केली, तर बॉडी गावी पाठवता येईल; चुलत नातं चालत नाही. नाहीतर इथंच करावं लागेल. तू त्याच्याच गावचा ना? तुझा कोण?

मी फॉर्मवरचं माझंच 'मयत' पुन्हा वाचलं. भाऊ म्हटलं की फॉर्म खोटा, आणि तो भरणारा मी. माझा बताका गेला, नोकरी गेली, कदाचित तुरुंग. मी फॉर्म भरलेल्या बाकीच्या पोरांचे कागदही उकरतील, असं मी मनाला सांगितलं. ती पळवाट होती. मी घाबरलो होतो, एवढंच खरं. मी म्हणालो, "नो सर. ओन्ली सेम व्हिलेज."

अग्नी मीच दिला. स्मशानातल्या रजिस्टरात नात्यापुढं काही लिहिलं नाही.

दीड वर्षानं गावी गेलो. तात्या ओट्यावर बसले होते. त्यांनी एवढंच विचारलं, "आग्नी कुनी दिला?"

"म्याच."

"भाऊ म्हनून?"

"व्हय," मी म्हणालो. तात्यांनी मान हलवली आणि पुन्हा कधीच विषय काढला नाही. बाईनं तर माझ्याशी बोलणंच कमी केलं होतं. तिनं काय ओळखलं होतं, कोण जाणे.

मी परत गेलो, आणि उभं आयुष्य तिकडंच काढलं. केरळची, पंजाबची, आपल्या पारनेरची पोरं आली, सगळ्यांचे फॉर्म मी भरले. प्रत्येकाला दरडावून विचारायचो, बाप खरा लिहिलायस ना? पोरं म्हणायची, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. आता नगरला बंगला आहे. गाव तासाभरावर, पण मी जात नाही. तुम्ही गावात राहिलेले विचारता, का येत नाहीस? आणि माझ्याबरोबर गेलेले विचारतात, घर म्हणावं असं तुला कुठलं वाटतं रे?

आण्णाच्या फॉर्मची कार्बन प्रत माझ्या कपाटात आहे. त्यात जन्मतारीख खोटी, बाप खोटा, आई खोटी. सगळ्यात खाली 'कायमचा पत्ता' असा रकाना आहे. तिथं आमचं गाव लिहिलंय, वेशीजवळचं घर, तालुका पारनेर, जिल्हा अहमदनगर. अख्ख्या कागदावर तेवढी एक ओळ खरी. माझं घर म्हणाल, तर ती ओळ. आण्णाला त्या पत्त्यावर पोचवायला एक सही हवी होती, आणि पेन माझ्या खिशात होतं.