सेमी आणि माझी तांबडी पेन्सिल

सेमीने सुरू होणाऱ्या शब्दावर माझा काडीचाही विश्वास नव्हता. हैदराबादला कोठी भागात एका वकीलसाहेबांच्या ऑफिसात पस्तीस वर्षं मी भाडेकरार आणि खरेदीखतांचे मसुदे तपासले. मसुद्यात कुठे सेमी दिसला की तांबड्या पेन्सिलीने आख्खा शब्द खोडायचो आणि शेजारी प्रश्नचिन्ह टाकायचो. सेमी-फर्निश्ड म्हणजे काय काय, ते नीट लिहा ना! हिमायतनगरच्या एका घरमालकाच्या सेमी-फर्निश्डमध्ये एक पंखा आणि पडद्याचे दोन हूक निघाले होते. विचारलं तर म्हणतो, "पंखा फर्निचर नहीं है क्या साब?" अशा लोकांशी माझी गाठ.

रिटायर झालो तरी खोड गेली नाही. घरात सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन आलं तेव्हा दुकानदाराला तासभर धारेवर धरलं. ओले कपडे या टाकीतून त्या टाकीत आपणच उचलून टाकायचे, मग ऑटोमॅटिक कशाला म्हणता? भाचीला स्थळ आलं, मुलाची नोकरी सेमी-गव्हर्नमेंट. मी सरळ त्याच्या ऑफिसात जाऊन शिपायाकडे चौकशी केली. मुलगा चांगला पर्मनंट निघाला. पण चौकशीचं त्यांच्या कानावर गेलं आणि त्यांनी नकार कळवला. बायको आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. मी मनात म्हणत होतो, एवढ्या चौकशीचा राग येतो म्हणजे नक्की काहीतरी पाणी मुरत असणार.

गेल्या वर्षी दिवाळीच्या साफसफाईत बायको स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत उभी राहिली. "अहो, ही चौकट वाकडी झालीय का?"

माझा संशय लगेच सुतारावर. उन्हाळ्यातच त्याने दाराला रंधा मारून दिला होता. मी ओळंबा आणून लावला. चौकट सुतासारखी सरळ. दुसऱ्या दिवशी तिला खिडकीचे गज वाकडे दिसायला लागले, तेव्हा मात्र मी ओळंबा खाली ठेवला. तिचा डावा डोळा लहानपणापासून अधू. जे काही दिसायचं ते उजव्यानेच. वाचनालयातून दर आठवड्याला आणलेली दोन पुस्तकं ती त्या एका डोळ्यावर फस्त करायची.

काचीगुड्याला आमच्या घरामागेच डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई आहेत. त्यांनी थेंब टाकून तपासलं, डोळ्याच्या पडद्याला सूज आहे, इंजेक्शन लागेल म्हणाल्या आणि हिमायतनगरच्या मोठ्या डॉक्टरांच्या नावाने चिठ्ठी दिली. चिठ्ठीवर लिहिलं होतं, सेमी-अर्जंट.

झालं! मी विचारलं, अर्जंट आहे की नाही, एक काय ते सांगा. त्या हिंदीत म्हणाल्या, "घाबरायचं कारण नाही अंकल, पण उशीर करू नका." घाबरायचं नाही आणि उशीरही करायचा नाही? मला वाटलं, पेशंटला भीतीही घालायची आणि उद्या कुणी जाब विचारला तर हातही वर करायचे. शिवाय त्या मोठ्या डॉक्टरांशी यांचं काय साटंलोटं असेल कोण जाणे.

घरी आल्यावर टेबलाशी बसलो. पेन्सिल हातात कधी आली ते कळलंही नाही. शब्द खोडला, शेजारी प्रश्नचिन्ह.

बायकोने बघितलं. "अहो, डॉक्टरांचा कागद आहे तो. खरेदीखत नव्हे."

"तू गप गं. यांना चांगला ओळखतो मी."

दुसऱ्या दिवशी मी एकटाच नंबर लावायला गेलो. काउंटरवरच्या मुलीने चिठ्ठीवर नजर फिरवली, तांबड्या रेघेपाशी ती जरा थांबली. "अर्जंट नहीं है ना अंकल? तीन हफ्ते बाद का मिलेगा."

"हौ, नहीं है," मी म्हणालो. वर खूशही झालो. खरंच तसं काही असतं तर यांनी आजच बोलावलं नसतं का?

त्या तीन आठवड्यांत बायको रोज सकाळी डावा डोळा हाताने झाकून खिडकीसमोर उभी राहायची. मी विचारायचो, काय बघतेस? कालच्यापेक्षा कमी दिसतंय का? नक्की किती कमी? ती म्हणायची, "काही नाही हो." ती माझ्यापासून काहीतरी लपवतेय असं मला वाटत होतं, आणि आयुष्यातला तेवढा एकच संशय खरा निघाला.

मोठ्या डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं. मग चिठ्ठी उचलून दिव्यापुढे धरली आणि रेघेखालचा शब्द वाचला. सेमी-अर्जंट म्हणजे आज रात्री धावत यायची गरज नाही, पण पंधरा दिवसांच्या आत सुई टोचलीच पाहिजे, असं त्यांनी सांगितलं. शब्द अगदी नेमका होता हो! आता इंजेक्शनने पुढचं नुकसान थांबेल, पण गेलेलं परत येणार नाही.

"ये काटा किसने?" त्यांनी विचारलं.

पस्तीस वर्षं मी लोकांना प्रश्न विचारले, आता प्रश्न मला होता.

"मैंने," बायको म्हणाली. "क्रॉसवर्ड भर रही थी, गलती से हो गया."

डॉक्टरांनी चिठ्ठी फाइलला लावली. रिक्षात बसल्यावर मी विचारलं, "खोटं का बोललीस?"

"तुम्हाला तिथे उलटतपासणी झेपली नसती," ती म्हणाली आणि पदर सावरून बाहेर बघत बसली. मला भर रस्त्यात रडू आलं. ज्या हाताने रेघ मारली त्या हाताची मला शिसारी आली होती.

आता तिला समोरच्या माणसाच्या चेहऱ्याऐवजी मधोमध डाग दिसतो, आणि पुस्तकातल्या ओळीचंही तसंच. म्हणून रोज दुपारी जेवणं झाली की मी तिला वाचून दाखवतो. ती डोळे मिटून ऐकते आणि मध्येच थांबवते.

"मधलं काही गाळलं नाहीत ना?"

"नाही गं."

"सगळं वाचताय?"

मी पुस्तक तिच्याकडे वळवतो आणि वाचत असलेल्या ओळीवर बोट ठेवतो. ती बोटाच्या दिशेने थोडा वेळ बघते.

"असेल," ती म्हणते. "वाचा पुढे."