दाबलं की ठिणगी

गुडघ्याच्या ऑपरेशनची आईची जखम चिघळली आहे. जंतू औषधांना दाद देत नाहीत. डॉक्टर पाय हलवायला सांगतात, भेटायला येणारे मात्र "पडून राहा" म्हणतात. आज ती उठून ओट्याशी गेली आणि तिने गॅसचा लायटर दाबला. टक्! ठिणगी उडाली.

"आजी, यातला खडा दाबला की वीज देतो," प्रयोगशाळेत काम करणारी माझी मुलगी म्हणाली. "आम्ही तशीच मऊ पट्टी करतोय, जखमेवर लावायची. माणूस हलला की पट्टी वाकते, वीज होते, जंतू मरतात. पण तिला अजून वेळ आहे."

दुखणाइताला आपण किती मायेने आडवं करतो! सोस, हलू नकोस, गप्प पड. आणि हा निर्जीव खडा, दाबला तर तोसुद्धा मुकाट सोसत नाही. मग जित्याजागत्या माणसानेच का सोसावं?

दारात शेजारच्या काकू आल्या. "अहो, पडून राहा की!"

आईने गुडघा वाकवला. कळ आली तशी ओठ घट्ट मिटून तिने तो पुन्हा वाकवला.

"पट्टी येईल तेव्हा येईल," ती म्हणाली. "तोवर त्या जंतूंना कळू दे, घरमालकीण जागी आहे."