तासावरचे दाजी

जगात पीएच.डी. झालेली माणसं पुष्कळ असतील, पण पीएच.डी. होऊन इतकं कामाला लागलेला आणि तरीही इतका बिननोकरीचा राहिलेला माणूस आमच्या दाजींशिवाय दुसरा नसेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. राहतात भोरला. वेल्ह्याकडच्या आमच्या घरात पदवी घेतलेली पहिली मीच, आणि हे कुणी विचारलं नाही तरी मी सांगते; पण दाजींपुढे सांगायची सोय नाही. मी 'बी.ए.' म्हणेपर्यंत त्यांचं 'डॉ.' सुरू झालेलं असतं. घराच्या दारावर डॉ., स्कूटरवर डॉ., दळणाच्या डब्यावरसुद्धा डॉ. गिरणीवाला तो डबा आदरानं आधी घेतो आणि गुडघेदुखीवर गोळी विचारतो. मग आपण त्यातले डॉक्टर नाही हे दाजी त्याला न चिडता समजावतात, आणि त्याचा गुडघा व डोंगरातली पायपीट यांचा संबंध उलगडून सांगतात. मागे दळणाची रांग लागते. गोळी काही मिळत नाही.

साधं बोलणं त्यांना जमतच नाही. अक्कानं आमटीत मीठ कमी आहे का म्हणून विचारलं तरी "या मताला दोन बाजू आहेत" इथून सुरुवात. चर्चासत्र कुठंही असो, दाजी निबंध वाचायला जाणार, आणि गळ्यातलं ओळखपत्र परत घरी येईपर्यंत काढणार नाहीत. कापूरहोळला मी पेट्रोलपंपावर हिशेबाला असते. एकदा दाजी तसेच ओळखपत्रासकट पंपावर आले, तेव्हा आमच्या एका माणसाला वाटलं, तपासणीचे साहेब आले. त्यानं धावत जाऊन पाच लिटरचं माप आणून पुढं ठेवलं. दाजींनी ते उलटंपालटं करून पाहिलं आणि गंभीरपणे विचारलं, "हे मूळ कुठल्या भागातलं?" बिचारा अजून म्हणतो, साहेब लई कडक व्हते.

त्यांच्या प्रबंधाचा विषय भोर-वेल्ह्यातले एसटीचे मार्ग. कुठल्या वाडीला गाडी का जात नाही, हे दाजी छातीठोकपणे सांगतात. त्यांच्या प्रबंधामुळे एखाद्या वाडीला गाडी जायला लागली, असं मात्र ऐकिवात नाही. आमच्या घराला या विद्वत्तेचा अभिमान फार. इतका, की अक्काचं शिक्षण बारावीला थांबलं तेच मुळी शिकलेलं स्थळ आलं म्हणून. प्रबंध झाला की कॉलेजात कायमची नोकरी, हे तेव्हा ठरलेलंच होतं. "जागा निघणार आहे," असं दाजी त्यांच्या लेकीच्या बारशात म्हणाले होते. लेक आता शाळेत जाते. जागा अजून निघतेच आहे. तोवर दाजी तासिका तत्त्वावर शिकवतात, म्हणजे जेवढे तास घेतले तेवढ्याचेच पैसे, सुट्टीत काही नाही. आमच्या वडिलांना, तात्यांना, हे समजावताना माझ्या नाकीनऊ आले.

"म्हंजी जावई तासावर हायेत?" तात्या म्हणाले.

"व्हय."

"अगं, तासावर जेसीबी आसतो."

"तसंच समजा."

तात्यांनी जरा विचार केला. "जेसीबीवाला येन्याजान्याचं डिझेल येगळं घेतो. ह्यांना भेटतं का?"

शेजारी बसलेले दाजी म्हणाले, "मुद्दा रास्त आहे," आणि खिशातून पेन काढून तळहातावर टिपूनसुद्धा घेतला.

यंदाच्या जूनमध्ये ते तासही जायची वेळ आली. प्राचार्यांनी सांगितलं, पहिल्या वर्षाला भूगोल घेणारी पुरेशी मुलं मिळाली नाहीत तर विषय बंद. विषय बंद म्हणजे दाजी घरी. मग डॉ. लिहिलेली स्कूटर मुलं गोळा करायला गावोगाव निघाली, आणि मागच्या सीटवर नमुना म्हणून मी. "लोकांना दाखवायला एक पदवीधर लागतो," असं दाजींनी मला सांगितलं. जनावरांची ढेप घेणाऱ्याला दुभती म्हैस दाखवतात तशी मी दारोदार उभी राहिले.

गुंजवण्यात एका घरी बारावी झालेली मुलगी होती. तिच्या वडिलांनी आम्हाला चहा दिला आणि थेट विषयाला हात घातला. "सर, भूगोल घिऊन पुढं काय व्हतं वो?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात दाजी म्हणाले, "खात्रीनं काही सांगता येत नाही."

"आन तुमी? तुमी पर्मनंट हाय का?"

"नाही."

"मंग?"

"मंग काय," दाजी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना दुसरी बाजू सुचली नाही. "पण शिकवतो चांगलं."

माणूस खो खो हसला. "आयला, माल ईकायला आला आन गिऱ्हाइकाला परत लावतोय!" आतून मुलगी म्हणाली, "आप्पा, मला ह्यांच्याकडंच जायचंय." परतताना मी दाजींना चांगलं फैलावर घेतलं. "तुम्ही प्रवेश द्यायला निघालाय का काढून घ्यायला?" दाजी म्हणाले, "खोटं सांगून बसवलेली पोरं खाली मान घालून बसतात गं. मला ते दिसतं."

असं खरं बोलून बोलून शेवटच्या दिवशी एक जण कमी पडला. संध्याकाळी भोरच्या घरी दाजी गप्प बसले होते. मला ते बरं वाटेना. एरवी त्यांनी गप्प बसावं म्हणून मी काय काय केलंय. अक्का पीठ मळत होती. मळता मळता म्हणाली, "बारावी पास चालतंय ना?"

"कुणाला घालायचंय?" दाजींनी विचारलं.

"मला. का, मला पाय न्हाईत कालिजात यायला?"

"अगं ए, लोक काय म्हणतील?"

"त्याला दोन बाजू हायेत," अक्का म्हणाली आणि पिठाचे हात धुवायला उठली.

विषय वाचला. यंदापुरता. पुढच्या जूनला कुणाला बसवणार, हे दोघांपैकी कुणालाच माहीत नाही.

पहिल्या दिवशी मी पंपावरून सुट्टी काढून मुद्दाम चेष्टा करायला गेले आणि व्हरांड्यातल्या खिडकीशी उभी राहिले. पोरं मोजकीच. अक्का शेवटच्या बाकावर, लग्नकार्यातली साडी नेसून, पदर दोन्ही खांद्यांवर ओढून. दाजी आडनावांच्या क्रमानं हजेरी घेऊ लागले. आमच्याकडं नवरा बायकोचं नाव घेत नाही. घेतलंच तर लग्नात, उखाण्यात, तेही लोक सोडत नाहीत म्हणून. घरात कायम 'अगं ए'. मी ऐकत होते. दाजींनी स्वतःचंच आडनाव उच्चारलं आणि थांबले.

"वैशाली," ते म्हणाले.

अक्का उभी राहिली. "हजर, सर."

दाजी तिच्याकडं बघत राहिले. अक्का बसायची विसरली. पोरं एकदा इकडं, एकदा तिकडं बघू लागली. शेवटी पहिल्या बाकावरची गुंजवण्याची मुलगी हळूच म्हणाली, "सर, माझं नाव ऱ्हायलं."