हलणाऱ्या घरातलं झुंबर

हाजराला काचेचं वेड, आणि लग्नानंतर संसार पडला तो रोज दुपारी जमीन हलणाऱ्या गावात. या दोन गोष्टी एकाच बाईच्या नशिबात घालणाऱ्याला थट्टेची हौस दांडगी असली पाहिजे.

वेड माहेरचं. वरोऱ्याच्या बाजारात तिच्या अब्बांचं बांगड्यांचं दुकान होतं, आणि हाजरा त्या किणकिणाटातच मोठी झाली. गिऱ्हाइकाच्या हातून बांगडी निसटली तर ती फरशीला लागायच्या आत झेलणारी पोरगी म्हणून बाजारपेठ तिला ओळखायची. तिथून ती राजुऱ्याजवळच्या टेंभरीत आली, लग्नांचे फोटो काढणाऱ्या अयूबची बायको होऊन. आली तेव्हा कोळशाची खाण लांब होती. वारा तिकडून असला तरच सुरुंगाचा आवाज ऐकू यायचा. पुढे एकेक शेत गिळत खाण गावाच्या उंबऱ्याशी आली. दुपारी भोंगा वाजायचा, जरा वेळाने धमाका व्हायचा आणि अंगावर माशी बसलेल्या बैलासारखं सगळं गाव थरथरायचं. छपरावरच्या कवेलूंच्या फटींतून बारीक माती गळायची. म्हणून भोंगा झाल्यावर चहा पिणारा माणूस कपावर हात पालथा ठेवून बसायचा. पाहुणे चक्रावायचे. गावाला त्यात काही वाटायचं नाही, हात आपोआप जायचा.

लग्नात आलेला काचेचा सेट फळीवरून खाली आला तेव्हा हाजरा दोन दिवस जेवली नाही. शहाणी बाई असती तर त्यानंतर स्टीलवर भागवलं असतं. हाजराने वेगळाच मार्ग काढला. घरात सासूच्या वेळची एक भलीमोठी लाकडी पेटी होती, गोधड्यांनी गच्च भरलेली. भोंगा वाजला की फळीवरची काच न काच उतरवायची, गोधड्यांच्या घड्यांत निजवायची, धमाका होऊ द्यायचा, मग माती झटकून सगळं पुन्हा मांडायचं. रोज. ताप असला तरी, रोजा असला तरी. मुलगी रुखसार पाळण्यात होती तेव्हा लोक म्हणायचे, ही बाई धमाक्याला पोरीच्या आधी बरण्या उचलते. ते काही खरं नव्हतं. पोर काखेत आणि बरण्या हातात, असं ते होतं.

आणि खरेदी चालूच. निळ्या काचेचा मासा आला, बाटलीतलं जहाज आलं. हातात मोबाइल आल्यावर तर विचारूच नका. कुरिअरवाला टेंभरीपर्यंत यायला तयार नसायचा, मग हाजरा राजुऱ्याला जाऊन पार्सल ताब्यात घ्यायची आणि ऑटोत मांडीवर धरून आणायची. अशाच एका फेरीत काचेचा अननस आला. पिवळाधमक, वर हिरवा तुरा.

"खरा आणला असता तं पोटात तरी गेला असता," अयूब म्हणाला.

पण बोलणाऱ्या अयूबचा कॅमेराही, घरी असला तर, भोंगा झाला की त्याच पेटीत जायचा, हाजराच्या जुन्या ओढणीत गुंडाळून. घरातली ती एकच जागा होती जिथे धमाका पोचत नव्हता.

मग गाव उठणार असं ठरलं. खाणीला आता गावाखालचा कोळसा हवा होता. राजुऱ्याच्या अलीकडे माळावर नवे प्लॉट पडले, रस्ते आखले गेले. टेंभरीत लोकांनी भिंती सारवणं सोडलं. फुटलेलं कवेलू कोणी बदलेना. पडायच्या घराला कशाला हात लावायचा, असं जो तो म्हणू लागला.

आणि नेमकं तेव्हाच हाजराने झुंबर मागवलं. तीन मजल्यांचं, काचेच्या लोलकांचं, आत दिवे लावायचं झुंबर. नवऱ्याला सांगायची छाती होईना. मग लपवलं कुठे? अर्थातच पेटीत, तळाच्या गोधडीखाली.

त्याच आठवड्यात अयूबनेही एक खरेदी केली होती. त्यालाही सांगायची छाती नव्हती. त्याने लपवलं कुठे, हे वेगळं सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी भोंगा झाला. एरवी अयूब या वेळी बहुधा कामाला राजुऱ्याला असायचा, आज घरीच होता. दोघं एकदम पेटीकडे धावली. दोघांनी एकदम झाकण धरलं.

"तुमी राहू द्या, मी ठेवते सगळं," हाजरा घाईने म्हणाली.

"तू काऊन? मी ठेवून राह्यलो ना!"

या ओढाताणीत गोधडी वर आली. तिच्या एका घडीतून लेन्सचा डबा निघाला, खालून झुंबराचं खोकं. तेवढ्यात धमाका झाला आणि दोघांच्या डोक्यांवर माती सांडली.

"घर पाडाले निघाले अन् तू झुंबर आणून राह्यली?" अयूबने केस झटकत विचारलं.

"अन् हे काय? लग्नसराई सरली, आता नवी लेन्स कायले?"

अयूब अडखळला. "वाघाचे फोटो काढाचे हायेत. मोहर्लीच्या जंगलात जातो."

हाजरा फोटोग्राफरची बायको होती, लांबचं टिपायला लांब लेन्स लागते हे तिला ठाऊक होतं. तिने ती लेन्स उचलून पाहिली. "वाघाले इतकी बुटकी लेन्स?"

"जवळून काढतो."

"जवळून जा. मंग वाघच तुमचा फोटो काढते."

भांडण तसं हसण्यावारी गेलं, पण झुंबराचं खोकं काही उघडलं नाही. अयूबचं म्हणणं साधं होतं आणि बरोबरही होतं. नव्या घरात स्लॅब असेल, हूक असेल, तिथे जमीन हलत नाही, तिथे लाव की खुशाल. इथे लावलं तर एका धमाक्यात चुरा. परगावी गेलेल्या रुखसारनेही फोनवर तेच सांगितलं. हाजराने मान डोलावली. पण तिचं जेवणावरून मन उडालं. फळीवरचा अननस पुसताना ती मधेच थांबायची आणि आढ्याकडे बघत राहायची. तिथे छपराचा भार पेलणारी काळपट सागवानी तुळई, मयाल होती, सासऱ्यांनी उभ्या हयातीत केलेली एकमेव चैन.

शेजारच्या मंगलीबाईने हे हेरलं. मंगलीबाई गोंडाची, वयाने मोठी, गल्लीच्या पलीकडे तिचं मातीचं घर आणि मागे परसात मोहाचं जुनं झाड. उन्हाळ्यात पहाटे त्याची फुलं वेचता वेचता या दोघींच्या गप्पा व्हायच्या.

"काय झालं वो? तोंड काऊन उतरलं?" तिने विचारलं.

हाजराने सांगून टाकलं. "मंगलीबाई, या घरात मी आजवर एक वस्तू दिवसभर जागेवर राहू देली नाई. रोज उतरवा, रोज चढवा. या घरानं मले पोरगी देली, सासूनं इथीच माह्या मांडीवर डोळे मिटले. अन् मी त्याले कधी सजवलं नाई, धमाक्याच्या भेवानं. नव्या घरात तं कोणीबी लावते झुंबर. मले या घराले पाहाचं होतं त्याच्यात. एक डाव."

मंगलीबाई आपल्या झाडाकडे बघून म्हणाली, "तुहं झुंबर तं खोक्यात बसते, नेता येते. माहा मोह मी कशात बसवू? माह्या सासूच्या सासूनं वेचला थो." तिने पदराने डोळे पुसले. "मले जमलं असतं तं मीबी त्याले सजवलं असतं, कापाच्या आधी. लाव वो तू. फुटलं तं फुटलं."

हाजरा घराकडे वळली आणि गल्लीतच थबकली.

अयूब गल्लीत उभा होता. पाठ मंगलीबाईच्या भिंतीला अशी चिकटवलेली, की सदऱ्याला माती लागली होती. डोळ्याला कॅमेरा, कॅमेऱ्याला ती बुटकी लेन्स. समोर त्यांचं घर.

"हा का तुमचा वाघ?" तिने विचारलं.

अयूब चोरी पकडल्यासारखा कावराबावरा झाला. मग हळूच म्हणाला, "गल्ली अरुंद हाय ना. मांगं सराले जागाच नाई. जुन्या लेन्सनं कितीबी करा, अर्धंच घर येते. कधी दरवाजा सुटते, कधी कवेलू. साऱ्या तालुक्याच्या लग्नाचे फोटो काढले, आपल्या घराचा एक पुरा फोटो नाई माह्यापाशी." त्याने कॅमेरा तिच्या हातात दिला. "पाह्य."

हाजराने पाहिलं. इवल्याशा पडद्यावर सगळं घर मावलं होतं. डावीकडचा पोपडे उडालेला कोपरा, उंबरा, वरचं शेवटचं कवेलू. कडांना जरा वाकलं होतं, पण सगळं होतं.

"मंग मले खोटं काऊन सांगतलं?"

"तुले झुंबराले नको म्हटलं, अन् स्वतः पडत्या घरासाठी लेन्स घेतली. कोणत्या तोंडानं सांगू?"

हाजराला हसू आलं आणि त्याच वेळी डोळेही भरून आले. एवढी वर्षं एका छपराखाली काढून, या माणसाच्या पोटात तेच दुःख आहे हे तिला कळू नये, याचं तिला मोठं नवल वाटलं. "काढ तुहं खोकं," अयूब म्हणाला. तो शिडी आणायला गेला.

संध्याकाळी झुंबर मयालीला लागलं. दिवा पेटला आणि त्या बुटक्या, धुराने काळवंडलेल्या खोलीच्या भिंतींवर उजेडाचे तुकडे पसरले. भेगांवर, खुंट्यांवर, पेटीवर. अर्धं गाव बघायला आलं. उंच माणसांना वाकून चालावं लागत होतं. कोणी म्हणालं, हाजराबाईच्या घरी पुन्हा लग्न हाय का? हाजरा सगळ्यांना चहा देत फिरत होती आणि नवरीसारखी लाजत होती. तिला खूप आनंद झाला होता, आणि तो तिने लपवला नाही.

खरी परीक्षा दुसऱ्या दुपारी होती. भोंगा वाजला. हाजराने फळीवरची काच नेहमीसारखी पेटीत निजवली. अयूब शिडी घेऊन आला.

"उतरवतो. पाहून झालं ना?"

हाजरा खोलीच्या मधोमध जाऊन उभी राहिली. "राहू द्या."

"फुटन ते, हाजरा."

"मले मालूम हाय. उमरभर उतरवतच राह्यली मी. आज नाई उतरवत."

अयूबने तिच्याकडे पाहिलं आणि शिडी भिंतीला टेकवली. मग कॅमेरा घेऊन दारात बसला. हाजराने झुंबराखाली ओढणी दोन्ही हातांनी पसरून धरली. मयाल जुनी, हूक कालचा, वर काचेचे तीन मजले. वेडेपणा आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं.

धमाका झाला. भिंती थरथरल्या, माती गळली, झुंबर एकदा इकडे गेलं, एकदा तिकडे, आणि सगळे लोलक एकमेकांवर वाजू लागले. हाजराने डोळे मिटले. अब्बा सकाळी दुकान उघडून बांगड्यांचे दांडे खाली काढायचे तेव्हा हाच आवाज व्हायचा. इतकी वर्षं ती ज्या धमाक्याला शिव्या देत आली, त्याने आज तिला वरोऱ्याला नेऊन आणलं होतं.

तेवढ्यात एक लोलक सुटला. तिने डोळे उघडायच्या आत ओढणी सरकवून झेलला. बाजारपेठ उगाच नाव घेत नव्हती.

हळूहळू झुंबर थांबलं. अयूबने फोटो पाहिला आणि चुकचुकला. "तू बराबर आली, घर बराबर आलं. पण झुंबर हाललं. नुसता उजेडच दिसून राह्यला. उद्या परत काढतो."

"नको," हाजरा म्हणाली. "आपलं घर असंच होतं."

दिवाळीनंतर टेंभरी उठली. नव्या प्लॉटवर आता हाजराचं पक्कं घर आहे. स्लॅबच्या हुकाला झुंबर आहे, सुटलेला लोलक तारेने पुन्हा बांधलेला. भिंतीवर दोन फोटो आहेत, एक गल्लीतून काढलेला, एक दारातून. मासा, जहाज आणि अननस फळीवर दिवसरात्र बसून असतात, त्यांना कोणी हात लावत नाही. हाजराला हवं ते सगळं मिळालं. पण दुपार झाली की तिचे हात उगाच अस्वस्थ होतात. ती फळी पुसते, पेटीचं झाकण उघडते, पुन्हा लावते.

परवा अशाच एका दुपारी मंगलीबाई आली. तिचा प्लॉट दूरच्या ओळीत पडला आहे, उन्हात चालत येणं तिला होत नाही, तरी आली. हाजराने चहा केला. दोघी झुंबराखाली बसल्या.

"मोह कापला म्हणते," मंगलीबाई म्हणाली. हाजराने तिचा हात धरला.

थोड्या वेळाने मंगलीबाईने वर पाहिलं. "हे तं चूपच हाय वो. तिथी कसं बोलत होतं."

हाजरा उठली. कोपऱ्यातला खराटा घेतला, त्याचा दांडा वर करून झुंबराला जोराचा धक्का दिला. ते एकदा इकडे गेलं, एकदा तिकडे, आणि सगळे लोलक वाजू लागले.

मंगलीबाईचा हात चटकन चहाच्या कपावर पालथा झाला. हाजराने ते पाहिलं, आणि तिला रडू कोसळलं.

मंगलीबाई तशीच बसून राहिली, कपावर हात धरून, वर बघत. वरून काहीच पडलं नाही.